काच निवळेपर्यंत

वैशाखातल्या टळटळीत दुपारी कुठं सायकल स्टँडवर चढवल्याचा आवाज झाला, की अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं. खट्ट असा तो एवढासा आवाज मला चिखलीच्या आमच्या धाब्याच्या घरात नेऊन सोडतो. जाड मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली गार जमीन, वरच्या झरोक्यातून तिरपा उतरलेला, धुळीच्या कणांनी भरलेला उन्हाचा एकच पट्टा, आणि बाकी सगळा अंधार. त्या अंधाराच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीत, पांढरंफेक ऊन पाठीशी घेऊन बाबा उभे असत. अंगावर खाकी, खांद्याला टपालाची पिशवी, आणि डोळ्यांच्या जागी दोन गडद वर्तुळं.

ते आत येत, चपला भिंतीशी लावत, माठातलं पाणी तांब्यानं उंचावरून पीत आणि खांबाला टेकून बसत. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसे. काही बोलायचं नसे, मागायचंही नसे. मला फक्त वाट बघायची असे. त्यांच्या चष्म्याच्या काचा आधी कोऱ्या चहासारख्या गर्द असत, मग त्या चहात कुणी पाणी वाढवत न्यावं तशा फिक्या होत जात, मग गुळाच्या पाण्यासारख्या. आणि विहिरीत पडलेला तांब्या गाळ खाली बसल्यावर हळूहळू दिसू लागावा, तसे त्या निवळत्या रंगाच्या तळाशी बाबांचे डोळे दिसू लागत. आधी पापण्यांची उघडझाप. मग बुबुळं. मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक लाल शीर. आणि सगळ्यात शेवटी त्या डोळ्यांत आज काय आहे ते. दमणूक, की हसू, की कुणाच्या तरी घरून सोबत आलेली उदासी.

पाचेक मिनिटं लागत असतील. पौषातल्या गारठ्यात तर ही वाट आणखी लांबायची. तेवढा वेळ बाबा घरी आलेले असत आणि तरी पुरते आलेले नसत. बाहेरचं ऊन त्यांच्या डोळ्यांवर बसून उंबरठ्याच्या आत आलेलं असे, आणि ते निघून गेल्याखेरीज माझे बाबा मला मिळत नसत.

फोटोक्रोमिक हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. मोठी माणसं 'फोटोसन' म्हणत, कुणी 'डे-नाईटचा चष्मा' म्हणे, आणि पोरांच्या लेखी तो जादूचा चष्मा होता. बाबा पोस्टमन. सकाळी टपाल लावून निघायचं ते दुपार कलेपर्यंत सायकलवर, गावातल्या गल्ल्या संपल्या की मळ्यांमधून, वाड्या-वस्त्यांवरून. उन्हानं त्यांचं डोकं ठणकायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं, संध्याकाळी आई कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची. चाळिशी लागून जवळचा नंबर आला होता, लांबचाही होताच. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हापासून डोळे जपा, नाहीतर मोतीबिंदू लवकर येईल. काळा गॉगल लावावा तर अक्षर दिसणार नाही, नंबरचा चष्मा लावावा तर ऊन सोसणार नाही. पत्त्यावरची बारीक अक्षरं भर उन्हातही वाचायची आणि पडवीच्या अंधारातही, असा ज्याचा दिवस, त्यानं दोन चष्मे किती वेळा बदलायचे आणि एका हातात सायकल धरून ते ठेवायचे कुठं?

म्हणून 1988 च्या दिवाळीचा बोनस घेऊन ते घाट उतरून खामगावला गेले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाचा पत्ता विचारताना आधी घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात. आम्ही घाटावरचे, खामगाव घाटाखालचं, आणि आम्हाला काही ठेवणीतलं घ्यायचं असलं की खाली उतरणं ठरलेलं. आईला त्या वर्षी पैंजण हवे होते. खामगावला रजतनगरी म्हणतात. कितीतरी देवघरांतले टाक, निरांजनं, बाळांचे वाळे त्या बाजारातून घरोघर गेले आहेत. बाबा रात्री परतले तेव्हा आईनं आधी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. कंदिलाच्या उजेडात चष्मा अगदी साधा, पाण्यासारखा दिसत होता. "चांदीच आणली," बाबा हळूच म्हणाले, "या काचेत हाय म्हणते दुकानदार." आई काही बोलली नाही. तिनं ताट वाढलं. पैंजण पुढच्या दिवाळीला आले.

दुकानदार खरं सांगत होता हे मला फार उशिरा कळलं. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग या काचेच्या कारखान्यात आर्मिस्टेड आणि स्टूकी या दोघांनी ही काच घडवली. काचेच्या रसात चांदीचं मीठ मिसळायचं आणि काच पुन्हा बेतानं तापवायची, की त्या मिठाचे इतके सूक्ष्म स्फटिक तयार होतात की नजरेला काच आरपार स्वच्छच दिसते. उन्हातले अतिनील किरण त्या स्फटिकांवर पडले, की चांदी आणि तिच्या सोबतीचं क्लोरीन यांची ताटातूट होते, सुटी झालेली चांदी कणाकणानं गोळा होते, प्रकाश अडवते आणि काच काळवंडते. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मवरही याच जातीचं मीठ, हाच प्रकाश आणि अशीच ताटातूट. पण फिल्मवर एकदा तुटलेलं पुन्हा जुळत नाही, म्हणून फोटो राहतो. काचेत मात्र क्लोरीनला पळून जायला वाट नसते. ते तिथंच, चांदीच्या अंगाला अंग लावून, कोंडलेलं राहतं आणि ऊन सरलं की दोघं पुन्हा एक होतात. काचेत मिसळलेला तांब्याचा किंचित अंश त्यांना त्यासाठी मदत करतो.

हे वाचलं तेव्हा मला आईचे पैंजण आठवले. चांदी हवेनं काळी पडते, आणि दर सणाच्या आदल्या दिवशी आई ओसरीवर बसून रांगोळीनं ते घासत बसायची, बोटांच्या पेरांत काळं शिरेपर्यंत. शेजारी बाबा पेपर वाचत असायचे, डोळ्यांवरच्या त्यांच्या चांदीचं काळेपण कुणी न घासता आपोआप उतरत असायचं. एका घरात दोन चांद्या. एकीला हात लागायचे, एकीला फक्त सावली.

रविवारी बाबा झोपले, की मी हळूच तो चष्मा उचलून अंगणात नेत असे. काचेवर निंबाचं एक पान ठेवायचं, दगडी पायरीवर ऊन असेल तिथं चष्मा उताणा ठेवायचा, आणि शंभर मोजायचे. मग पान अलगद उचललं, की गडद झालेल्या काचेत पानाचा आकार तेवढा स्वच्छ राहिलेला दिसे. कातरलेल्या कडा, टोकाचा बाक, देठाची रेघ सुद्धा. मी तो तळहातावर तोलून धरत घरात धावायची, कुणाला तरी दाखवायला. माजघर ओलांडून आईपर्यंत पोचेपर्यंत पान विरघळू लागलेलं असे. आई पिठाच्या हातानं चष्मा घेऊन झरोक्याकडे धरायची आणि म्हणायची, "कुठं व? काई तर नाई." मी पुन्हा अंगणात. कधी जास्वंदीची पाकळी, कधी आईच्या बांगडीचा तुकडा, एकदा माझी स्वतःची करंगळी. त्या काचेनं सगळं घेतलं आणि सगळं सोडून दिलं. फोटोच्याच जातीची ती, पण काही जपून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सुट्टीच्या दिवसांत बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून बीटवर नेत. दांडीला पोत्याची घडी बांधलेली असे. ऊन, कापसाच्या पऱ्हाट्यांचा सुका वास, पिशवीतून येणारा गोंदाचा आणि कागदाचा वास, आणि मानेवर बाबांचा श्वास. घर आलं, की ते घंटी वाजवत नसत. दहा-वीस पावलं अलीकडेच उतरत, सायकल हातानं ढकलू लागत, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवत. खिशाला बटण होतं, ते लावत. मग डोळे बारीक करून, चाचपडल्यासारखे, त्या घरापर्यंत चालत जात. दारात पोचल्यावर हाक मारायची, पडवीत बसायचं, पाणी प्यायचं, आणि मग चष्मा खिशातून काढून डोळ्यांवर चढवायचा. देवळात शिरताना चपला काढतात तसा दुसऱ्याच्या घरात शिरताना चष्मा काढायचा असतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कधीतरी वाटायचं, धूळ लागू नये म्हणून काढत असतील. विचारलं मात्र नाही.

त्या पडव्यांमध्ये पत्र वाचून दाखवायचं कामही बाबांचंच. सुरतेला गेलेल्या मुलाचं अंतर्देशीय, पुण्याला दिलेल्या लेकीचं कार्ड, फौजेतल्या नातवाची मनिऑर्डर. अंगठ्याला शाई लावायची, नोटा दोनदा मोजून द्यायच्या आणि कुपनावरच्या दोन ओळी चार वेळा वाचायच्या. आणि त्याच पिशवीत कधीतरी ते दुसरं कार्ड असे, कोपरा फाडलेलं. जुन्या माणसांना सांगायला नको. एक कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते घरात ठेवत नसत, वाचलं की तिथंच फाडून टाकत. कार्ड उघडंच असे, म्हणजे पत्ता वाचता वाचता पोस्टमनला ती बातमी त्या घराच्या आधी कळलेली असे. मैलभर सायकल मारत तो ती एकटाच वागवत येई.

अशाच एका घरातली म्हातारी मला अजून दिसते. कुडाच्या भिंतीशी बसलेली, हातात सूप, सुपात निवडायची तूर. तिचा मुलगा दूर गिरणीत होता. बाबा तिच्या अंगणात शिरले तेव्हा चष्मा डोळ्यांवरच होता. काय झालं होतं कोण जाणे, कदाचित मी दांडीवरून उतरताना पडले होते आणि मला उचलण्याच्या गडबडीत राहून गेलं असेल. म्हातारीनं वर बघितलं आणि तिचा हात सुपातच थांबला. ती त्या दोन काळ्या काचांकडे बघत राहिली. "भाऊ," ती म्हणाली, "आंधी तो चष्मा काढ रे बाप्पा. तुह्ये डोये दिसल्याबिगर मले त्या कागदाचं भेव वाटते." बाबांनी चष्मा काढला. ते हसले. मनिऑर्डर होती. म्हातारीनं सुपातली मूठभर तूर माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकली, काहीही कारण नसताना.

आता वाटतं, त्या काळ्या काचांच्या आड लपणं किती सोपं होतं. कोपरा फाडलेलं कार्ड घेऊन जाणाऱ्या माणसाला स्वतःचे डोळे झाकायला दुसरं काय हवं? बाबांनी तो आडोसा कधी घेतला नाही.

चष्म्यानं त्यांना दिलंही खूप. डोकं ठणकणं थांबलं. संध्याकाळच्या ओल्या फडक्याची घडी दोरीवर वाळत राहिली. ढगाळ दिवशीही काचा थोड्या सावळ्या व्हायच्या. बाबा म्हणायचे, ऊन नसलं तरी याला कळते. ढगांतून गाळून येणारे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या काचेला ते लागत होते. पण काच ती काच. जड होती. उन्हाळ्यात घामानं नाकावरून घसरायची, नाकाच्या दोन्ही बाजूंना तिनं लाल खळगे पाडले ते जन्मभर राहिले. झोपतानाही ते दिसायचे. चष्मा उशाला असायचा आणि त्याची जागा चेहऱ्यावर.

बाबांचा हात धरून लोणारला गेले तो मे महिना होता. उल्केच्या धडकेनं बेसाल्टच्या खडकात पडलेलं ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर काठावर उभं राहून बघितलं, खाली खाऱ्या पाण्याचा पत्रा तापलेला होता, आणि मग आम्ही गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस तिथं किरणोत्सव होतो. सूर्याचा किरण आत येऊन थोडा वेळ विष्णूच्या मूर्तीला स्पर्श करतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी सूर्याची चाल धरून दगड असे रचले, की वर्षातून तेवढेच दिवस तेवढाच प्रकाश आतपर्यंत पोचावा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि आत पाऊल टाकताच दगडी काळोख. लोक दाटीवाटीनं उभे होते. कुणीतरी म्हणालं, आला, आला. मी टाचा उंचावून पाहिलं तर मूर्तीच्या अंगावर सोन्याचा एक तुकडा थरथरत होता. मी बाबांकडे वळले. ते अंधारात अंधार डोळ्यांवर घेऊन उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, जरा जड, जिना उतरताना कठड्यावर असतो तसा. चष्मा काढला तर पुसट, ठेवला तर काळं. "काय दिसते सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. किरण कुठं आहे, कुठं सरकला, केवढा राहिला. मी बोलत होते आणि ते मान हलवत होते. काच निवळून त्यांना देव दिसू लागला तेव्हा किरण निघून गेला होता.

बाहेर पायरीवर बसून ते म्हणाले, "तुह्या तोंडून पाह्यला न मी." एवढंच. लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळा देश त्या विवराचे फोटो बघत होता. मी मात्र त्या फोटोंत किनाऱ्यावरच्या त्या गावातलं देऊळ शोधत होते.

फोटोंचं दुःख वेगळंच. आमच्या घरातल्या आल्बममध्ये बाबा सगळीकडे आहेत आणि त्यांचे डोळे कुठंच नाहीत. शेगावला दर्शनाच्या वेळी, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यासमोर, माझ्या लग्नात मांडवाबाहेर, नातवाला खांद्यावर घेऊन शेतात. उजेड चांगला पडावा म्हणून फोटोवाला माणसांना उन्हात उभं करायचा, आणि उन्हात उभं राहिलं की त्या काचा मिटायच्या. 2014 मध्ये बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो निवडायचा तर एकही मिळेना. फोटो मोठा करून देणारा म्हणाला, "वहिनी, कॉम्प्युटरवर डोळे काढून देतो, समजणारही नाही." आईनं त्याच्या हातातून फोटो परत घेतला. "नको, राहू द्या. थोड्या वेळानं दिसतीन." त्यानं काय समजून मान हलवली कोण जाणे. मला समजलं. आमच्या माजघरात, बाहेरचं ऊन पोचत नाही अशा भिंतीवर, काळ्या काचांचे बाबा आहेत. आई रोज समोर बसून जेवते.

आता माझ्याही डोळ्यांवर तसाच चष्मा आहे, म्हणजे तसा दिसणारा. माझा प्लास्टिकचा, हलका, नाकावर खळगा न पाडणारा. याच्यात चांदी नाही. मिटलेल्या घडीसारखे रेणू आहेत, किरण पडला की ते पंख्यासारखे उलगडतात आणि रंग धरतात, ऊन गेलं की अंगच्या उष्णतेनं पुन्हा मिटतात. 1990 च्या सुमाराला अशी भिंगं बाजारात जम धरू लागली. बुलढाण्यातल्या दुकानात चष्मेवाल्यानं जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी भिंगावर धरून दाखवली. मधोमध डाग उमटला, वाढला, आणि बॅटरी हटवल्यावर बघता बघता पुसला गेला. मी त्याला म्हटलं, पुन्हा दाखवा. त्याला वाटलं मला खात्री करून घ्यायची आहे.

त्यानं चांगलं-वाईट सगळं सांगितलं, आणि उरलेलं मला उन्हानं सांगितलं. मोटारीत हा चष्मा काम करत नाही, कारण अतिनील किरण गाडीच्या पुढच्या काचेनंच अडवलेले असतात. राजूरच्या घाटात संध्याकाळी वळण घेतल्यावर सूर्य एकदम समोर येतो, तेव्हा गॉगलची सगळ्यात जास्त गरज असते आणि हा डोळ्यांवर पाण्यासारखा स्वच्छ बसून राहतो. मी एका हातानं सावली धरते. आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, खाली शेगाव-खामगावकडे पारा चढलेला असताना, हा जेवढा गडद व्हायला हवा तेवढा होत नाही. उष्णता त्या रेणूंना पुन्हा पुन्हा मिटवत असते. पौषातल्या सकाळी बुलढाण्याच्या गारव्यात मात्र, कोवळं ऊन गालांवर घ्यावंसं वाटत असताना, अगदी काजळासारखा काळा होतो. गरज असेल तेव्हा कमी आणि नसेल तेव्हा जास्त. थंड मुलखात घडलेली कल्पना ती, तिला आमचा वैशाख कुणी दाखवला नसेल.

तीन वर्षांत माझं भिंग थकलं. आता भर उन्हातही ते अर्धंच रंगतं आणि घरात आल्यावर किंचित पिवळट राहतं. तरी पुढचा चष्मा मी असाच घेणार. एकाच चष्म्यावर दिवस निघतो, आणि डोळ्यांवर अतिनील किरण पडत नाहीत याचं मला खरंच बरं वाटतं. रस्त्यानं जाताना कापूस वेचणाऱ्या बायका दिसतात, पदर कपाळावर ओढलेला, डोळे मिटल्यासारखे बारीक, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांवर काहीच नसतं. माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया आहेत त्या. पन्नाशीच्या आत एखादीच्या बुबुळावर पांढुरकी साय दिसते तेव्हा मला माझ्या चष्म्याची लाज वाटत नाही, पण तिच्या डोळ्यांवर तो नाही याचा संताप येतो. शाळेच्या ऑफिसात बसून उन्हापासून डोळे जपणारी मी, आणि उन्हातच जगणारी ती.

गेल्या दिवाळीत आईकडे गेले होते. ट्रंक आवरताना बाबांचा पहिला चष्मा निघाला, खामगावचा. एक दांडी सुतळीनं बांधलेली, काचेवर ओरखडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर बदलला तेव्हापासून तो तसाच पडून होता. मी तो घेऊन अंगणात आले. दगडी पायरी तीच, निंब मात्र नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा तोडला. शेजारच्या कुंडीतलं तुळशीचं पान घेतलं, काचेवर ठेवलं, शंभर मोजले.

काच काळी झाली. सदतीस वर्षांची ती काच, पहिल्या दिवशी व्हायची तशी, कोऱ्या चहासारखी. माझं प्लास्टिक तीन वर्षांत थकलं, आणि ही चांदी इतकी वर्षं ट्रंकेच्या अंधारात पडूनही पहिल्याच हाकेला ओ देत होती. पान उचललं. त्याचा लहानसा पांढरा आकार राहिला होता.

मी लहानपणीसारखीच आत धावले, म्हणजे आता धावता येतं तेवढी. आई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिला मोतीबिंदूच्या दोन ऑपरेशनांनंतर बरं दिसतं. मी चष्मा तिच्या तळहातावर ठेवला. पान गेलंच होतं वाटेत. आम्ही दोघी त्या काळ्या काचांकडे बघत बसलो. कार्तिकातली संध्याकाळ, घरात गारवा होता, आणि काच निवळायला वेळ लागत होता. मी तिला सांगू लागले, थंडीत हे रेणू, म्हणजे ही चांदी, हळू निवळते, उष्णता लागली की लवकर.

"माहीत हाय मले," आई म्हणाली. तिनं बोटं मिटून चष्मा मुठीत धरला, मग दुसरा हात त्यावर ठेवला. "म्हणून तर ते खिशात ठेवत. छातीजवळ. लोकायच्या घरी जाण्याअंधी." मी तिच्याकडे बघत राहिले. दहा-वीस पावलं, डावा खिसा, लावलेलं बटण, बारीक केलेले डोळे. "म्हणे, पत्र वाचताना माह्ये डोये दिसले पायजे त्याहिले. वाईट असलं तरी."

बाहेर कुणाच्या तरी घरचा आकाशकंदील लागला. आई मूठ मिटूनच बसली होती, पाखरू धरल्यासारखी. मी मोजत होते, सवयीनं. मग तिनं हळूच बोटं उघडली. काचा अजून पुरत्या स्वच्छ झाल्या नव्हत्या, गुळाच्या पाण्याइतपत रंग उरला होता, आणि त्या रंगाखाली तिच्या तळहातावरच्या रेषा एकेक करून दिसू लागल्या होत्या.